खालचा सांगेल तेव्हा

सत्तर मीटर

इतक्या वरून माणसांना चेहरे नसतात. टोप्या असतात, सावल्या असतात आणि प्रत्येकाची चालण्याची एक तऱ्हा असते. तो सुपरवायझर, एक पाय ओढत चालणारा. ते काच बसवणारे दोघं, कायम भांडणाच्या बेतात. आणि शनिवारी दुपारी कुंपणाच्या जाळीपाशी दोन ठिपके येऊन उभे राहतात. त्यातला छोटा ठिपका पाय उचलून चालत नाही, घासत घासत सरकतो. जमिनीला इस्त्री केल्यासारखा.

साइटवर त्याला सगळे 'वरचा' म्हणतात. टॉवर क्रेन चालवतो. सकाळी शिडीने केबिनमध्ये चढतो तो जेवणाचा डबा घेऊनच, कारण मध्ये उतरायचं म्हणजे अर्धा तास गेला. दिवसभर सळयांचे भारे, काँक्रीटच्या बादल्या, काचांच्या पेट्या इकडून तिकडे नेतो. वारा असला की केबिन डुलते. पहिल्या वर्षी त्याला त्याने मळमळायचं. आता सुट्टीच्या दिवशी घरात उभा असला की त्याला वाटतं, काहीतरी बंद पडलंय.

मोठा ठिपका म्हणजे त्याची बायको, छोटा म्हणजे मुलगी. वय वर्षं सहा. घरी तिला मुंगी म्हणतात. वरून तशी दिसते म्हणून, असं तो सांगतो. भिंत सोडत नाही म्हणून, असं तिची आई सांगते.

तो वरून हात हलवतो. मुंगी वर बघत नाही. मान मागे टाकली की तिचं जग कलंडतं. ती सरळ समोर बघते. समोर, जाळीच्या पलीकडे, शिट्टी गळ्यात अडकवून मामा उभा असतो. मामा म्हणजे कुणाचाच मामा नव्हे. तो खालचा माणूस. वरच्याला खुणा करणारा. बोट आभाळाकडे करून हात गोल फिरवला की वर. बोट जमिनीकडे, की खाली. हात आडवा, पंजा पालथा, की थांब. आणि अचानक वारा आला, की तो दोन्ही हात पोटाशी एकमेकांत गुंतवून उभा राहतो. म्हणजे आहे तसं धरून ठेव, काही करू नकोस.

मुंगी शनिवारचा सगळा वेळ मामाचे हात बघते. मग जाळीकडे बघून हात हलवते. तो हात आपल्यासाठी आहे, हे वरच्याने मानून घेतलं आहे.

पाच टनांचा भार मजल्यावर अलगद टेकवणाऱ्या या माणसाने आपल्या मुलीला चार वर्षांत कडेवर घेतलेलं नाही.

शून्य

नियम एकच: एक पाय जमिनीवर.

खुर्चीवर बसायचं तर पायांखाली खोका. जिना उतरायचा तर बसून, पायरी पायरी. केस धुवायचे तर उभ्याने, पुढे वाकून, दोन्ही हात नळावर. बागेत बाकीची मुलं झोपाळ्यावर, आणि मुंगी झोपाळ्याचा खांब धरून उभी. बघणाऱ्याला वाटावं, हिने सोडला तर खांब पडेल.

तान्ही असताना दुपटं बदलायला आडवं केलं तरी किंचाळायची. दोन वर्षांची झाली आणि कडेवरून जी उतरली ती उतरलीच.

आत्या म्हणायची, "डोक्यावर बसवून ठेवलंय तुम्ही तिला."

"तेच तर बसत नाही ना," आई म्हणायची.

"अगं, एकदा उचलून ठेवा झोपाळ्यावर. दोन मिनिटं रडेल, मग उतरायची नाही."

उचलून ठेवलं एकदा. दोन मिनिटं रडली नाही. ओकली.

शेवटी शाळेतल्या बाईंनी एका कागदावर पत्ता लिहून दिला. ऑक्युपेशनल थेरपी. वरच्याने कागद उलटसुलट करून पाहिला.

"म्हणजे व्यवसायाची थेरपी? सहा वर्षांच्या पोरीला कसला व्यवसाय?"

"खेळायचा," पत्त्यावरच्या ताई नंतर म्हणाल्या. "पूर्ण वेळची नोकरी असते ती. तुमच्या मुलीची गेली चार वर्षं बिनपगारी रजा चालू आहे."

मग त्यांनी टेबलाच्या खणातून एक पाणसळ काढली. गवंडी वापरतात तीच, काचेच्या नळीत पाण्याचा बुडबुडा असलेली. ती त्यांनी वरच्याच्या तळहातावर ठेवली.

"अशी एक प्रत्येकाच्या कानात आत असते. डोकं कुठे कललंय ते ती सांगते. तुमची इतकी निबर झालीय, की केबिन हलली तरी बुडबुडा जागचा हलत नसेल. तिची फार हळवी आहे. तुमच्यासाठी एका पायरीची उंची, तिच्यासाठी दरीचं टोक. ती हट्ट करत नाहीये हो. ती रोज दरीच्या टोकावर उभी राहून दात घासते."

वरच्याने हात थोडा वाकडा केला. बुडबुडा पळत सुटला. त्याने पटकन हात सरळ केला.

दहा चटया

ताईंची खोली मोठी, फिकट, खिडक्या उंचावर. छताला लोखंडी तुळई आणि तुळईला आकडा. वरच्याने आधी आकडा पाहिला. मग कडी, मग दोर, मग दोराची गाठ. ताईंना विचारलं, "किती वजनाची आहे ही कडी?"

"तीनशे किलो."

"शेवटची कधी तपासली?"

"चहा घेणार का तुम्ही?" ताई म्हणाल्या. "म्हणजे बाहेर जाऊन."

आकड्याला एक चौकोनी फळी टांगलेली होती. तिच्याखाली निळ्या फोमच्या दहा चटया एकावर एक, अशा की फळी त्यांच्यावर टेकलेलीच. झोपाळा, पण न हलणारा.

"इथे एक नियम आहे," ताई म्हणाल्या. "इथे कुणी कुणाला उचलत नाही. आपल्याला तिला वर न्यायचं नाहीये. आपण जमीन खाली नेणार आहोत. एका वेळी एक चटई. आणि ती चटई तीच ओढून काढणार, तिला वाटेल त्या दिवशी."

"आणि नाही वाटलं तर?"

"तर मी बसून राहीन. मला येतं ते."

मुंगी पहिले तीन आठवडे फळीवर पालथी पडून होती. कान फळीला लावून. ताई शेजारी जमिनीवर तशाच पालथ्या. दोघी मिळून कुणाची तरी वाट बघत असल्यासारख्या.

घरी गृहपाठ होता: ओढायचं, ढकलायचं, जड उचलायचं. सांध्यांना जोर मिळाला की शरीराला आपण कुठे आहोत ते कळतं, असं ताईंचं म्हणणं. मुंगीची आई एका मोठ्या लाँड्रीत काम करते. चादरी तिच्या हातचा मळ. घरी आल्यावर ओल्या चादरीचं एक टोक मुंगीकडे, एक आईकडे, आणि पिळायचं. चादर दोरासारखी व्हायची आणि मुंगीची पावलं फरशीत घट्ट रुतायची. पाणी थेंब थेंब गळायचं. अशा वेळी तिच्या चेहऱ्यावर जे यायचं त्याला वरचा 'लोड बसला', म्हणजे भार नीट टेकला, म्हणायचा.

चौथ्या आठवड्यात मुंगीने पहिली चटई ओढून कोपऱ्यात नेली.  फळी बोटभर हवेत होती.

सहा चटया

आता फळी हलते. एवढीशी. झाडाची सावली हलते तितकी.

मुंगी फळीवर बसते, पाय खाली टेकलेले, आणि गुणगुणते. गाणं नाही. एकच सूर, लांब, दुपारी दूर कुठेतरी यंत्र चालू असावं तसा. ताई वहीत लिहितात: 'आज आवाज.'

खांद्याइतकं

त्या दिवशी वारा होता. इतका, की मामाने सकाळीच शिट्टी मारून काम थांबवलं. क्रेन मोकळी सोडली. वाऱ्याबरोबर फिरू दे म्हणून. वरचा खाली उतरला आणि पहिल्यांदाच आठवड्याच्या मधल्या दिवशी मुंगीला आणायला गेला.

दाराच्या काचेतून त्याने पाहिलं. मुंगी फळीवर. फळी झुलतेय. पाय क्षणभर, अगदी क्षणभर, सुटतात आणि पुन्हा टेकतात. ती गुणगुणतेय.

बाहेर रस्त्यावर वाऱ्याने सगळं उचललं होतं. कागद, पानं, कुणाची तरी टोपी. वरच्याच्या छातीतही काहीतरी हलकं होऊन तरंगत होतं. मुंगी बाहेर आली, बूट घालायला बाकड्यापाशी उभी राहिली, त्याच्याकडे पाठ करून. तिच्या मानेवर घामाने केस चिकटले होते. त्याला वाटलं, झालं. सुटली. आणि त्याला वाटलं, बाकीच्यांनी उचललं ते हिसक्याने. आपण तसं नाही करणार. माझा माल कधी हलत नाही. बावीस वर्षांत एक काच तडकली नाही.

त्याने तिच्या काखेत हात घातले आणि तिला उचललं.

खरंच सुरेख उचललं. संथ, सरळ, जराही न हेलकावता, खांद्याच्या उंचीपर्यंत. क्रेनच्या शाळेत दाखवावं असं.

मुंगी ओरडली नाही. ती लाकूड झाली. तिचे डोळे त्याच्या कपाळावर कुठेतरी थांबले आणि त्यांत कुणी नव्हतं. त्याने तितक्याच संथपणे खाली ठेवलं. ती जमिनीवर पालथी झाली, गाल फरशीला, हात पसरून, आणि बोटांनी फरशीचा सांधा धरायला लागली.

ताई बाहेर आल्या. त्यांनी दोघांकडे पाहिलं. मग त्या मुंगीशेजारी पालथ्या पडल्या.

बराच वेळ बाहेर वारा ऐकू येत राहिला.

दहा चटया

पुन्हा.

ताई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "कोपऱ्यातल्या चार आणून ठेवा." त्याने ठेवल्या. मुंगी फळीवर बसली नाही. पुढच्या आठवड्यातही नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यात ती खोलीत आलीच नाही. दारात उभी राहिली, एक हात चौकटीवर.

अकरा फरश्या

पण चटयांचं काय एवढं. चटया निघतील पुन्हा.

घरात मुंगी आता त्याच्यापासून अकरा फरश्या लांब असते. त्याने मोजल्या. तो आत आला की ती भिंतीला पाठ लावून सरकते. रुसवा नाही, राग नाही; विस्तवापासून माणूस जसं अंतर ठेवतं तसं. पूर्वी तो खुर्चीत बसला की ती त्याच्या पावलांवर पावलं ठेवून उभी राहायची. तेवढाच त्यांचा लाड होता. आता तो पावलं पुढे करून बसतो आणि ती तिकडे, अकराव्या फरशीवर, बोटाने भिंत घासत असते.

"वेळ जाऊ द्या," आई म्हणते.

"किती?"

"मला काय विचारता? मला विचारून उचललंत का?"

ती चादर घडी करते. कोपऱ्याला कोपरा. तो दुसरं टोक धरायला पुढे होतो, ती ते स्वतःच धरते.

दुपारी मुंगी झोपते ती तळपाय भिंतीला लावून. झोपेतसुद्धा ते टेकलेले असतात.

धुकं

एका सकाळी वरचा केबिनमध्ये पोचला आणि खाली काहीच नव्हतं. पांढरं. इमारत नाही, रस्ता नाही, जमीन नाही. त्याच्या पायांखालच्या काचेतही पांढरं. केबिन किंचित झुलली आणि, किती वर्षांनी, ते त्याला जाणवलं. त्याने दोन्ही हातांनी खुर्ची धरली.

वॉकीटॉकीवर मामा.

"वरच्या, आहेस का?"

"आहे."

"काही दिसतंय?"

"नाही."

"मग बस. धुकं उठेपर्यंत चहा पी."

"मामा."

"बोल."

"मी मुलीला उचललं. महिना झाला. तेव्हापासून जवळ येत नाही."

खरखर. मग मामा म्हणाला, "आपटलीस काय?"

"नाही रे! असं उचललं, असं, की..." त्याला शब्द सापडेना. "तू बघितलं असतंस तर शिट्टी मारली असतीस."

"सिग्नल कोणी दिला?"

"काय?"

"कानात बोळे घातलेस का? उचल म्हणून सिग्नल कोणी दिला?"

 पांढरं त्याच्या काचेला लागून हळूहळू वर सरकत होतं, की केबिनच खाली चालली होती, कळेना.

"कोणी नाही," तो म्हणाला.

"कोणी नाही," मामा म्हणाला. "बावीस वर्षं काम करतोय हा माणूस. माझ्या बोटाशिवाय विटेचा तुकडा उचलत नाही. सुपरवायझर खालून बोंबलला तरी ढिम्म. आणि घरी जाऊन..."

"पण ती काय सिग्नल देणार, मामा? सहा वर्षांची आहे."

"सिग्नलला वय लागतं होय? बोट लागतं." पुन्हा खरखर. "आणि कसं उचललंस ते मला सांगू नकोस. तू गुळगुळीत उचलतोस, मान्य. पण तेवढ्यामुळे मी खाली शांत उभा असतो असं नाही. थांब म्हटलं की तू थांबतोस, म्हणून शांत असतो."

धुक्यात कुठेतरी एक पक्षी ओरडला, खूप खाली. म्हणजे खाली काहीतरी होतं.

तीन खुणा

ताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि वही पुढे ओढली. "मला शिकवा," म्हणाल्या.

त्याने शिकवलं. वर. खाली. थांब. चौथी शिकवायची राहिली. ती रोज लागत नाही.

"थांब जरा नीट दाखवा. पंजा पालथा?"

"पालथा. आणि ही खूण कुणीही केली तरी थांबायचं. वर-खाली एकच माणूस सांगतो. थांब कुणीही."

ताईंचं लिहिणं थांबलं. "हे तुमच्या धंद्यात पहिल्यापासून आहे?"

"पहिल्यापासून."

"आम्हाला शिकायला बरीच वर्षं लागली," ताई म्हणाल्या.

पुढच्या वेळी त्यांनी तुळईच्या आकड्यावरून दोर टाकला. एका टोकाला वाळूची पिशवी, दुसरं टोक वरच्याच्या हातात. मुंगी दारात, चौकटीला धरून. वरचा तिच्याकडे बघत नव्हता. बघायचं नाही असं ठरलं होतं. बाजूच्या मोठ्या आरशात तो फक्त तिचा हात बघत होता.

वीस मिनिटं काही झालं नाही. वरच्याला त्याची सवय आहे. वर बसलं की अर्धी नोकरी वाट बघण्याचीच.

एकविसाव्या मिनिटाला आरशात एक बोट वर झालं. गोल फिरलं. ते इतकं नेमकं फिरलं, मनगटातून, अजिबात घाई न करता, की त्याला हसू आवरेना. हुबेहूब मामा.

पिशवी एक वीत वर गेली. पंजा पालथा. थांबली.

मुंगी पिशवीकडे बघत राहिली. मग आरशातल्या त्याच्याकडे. मग पिशवीकडे.

बोट जमिनीकडे.

ती दुपार त्यांनी एकच पिशवी वर-खाली करण्यात घालवली. ताई कोपऱ्यातल्या चटयांवर बसून होत्या. वहीत एकच ओळ: 'सत्तावन्न वेळा. सत्तावन्न वेळा थांबला.'

बादलीइतकं

घरी आता वस्तू जमिनीवर राहिनात.

खुर्ची वर. खुर्ची खाली. आईची पिशवी वर, थांब, खाली. बूट वर. दुसरा बूट वर. वरचा कामावरून येऊन हात धुतो न धुतो तोच आठव्या फरशीवरून बोट फिरायला लागतं.

एकदा पाण्याने भरलेली बादली. वर. थांब. आणि मुंगी खिडकीशी गेली, कारण बाहेर कुत्रा भुंकला.

आई लाँड्रीतून आली तेव्हा वरचा घराच्या मधोमध बादली धरून उभा. 

"अहो, हे काय?"

"लोड आहे."

"खाली ठेवा की!"

"सिग्नल नाही."

"वेड लागलंय का? मुंगे! अगं ए मुंगे, तुझ्या बापाचे खांदे निखळतील!"

मुंगी सावकाश वळली. तिचं कुत्र्याचं काम अजून पुरतं झालं नव्हतं. बोट जमिनीकडे केलं. बादली टेकली, एक थेंब सांडला नाही. वरचा खाली बसला आणि खांदे चोळत हसायला लागला, आणि आईही, आणि मुंगीने दोघांना असं पाहिलं, जसं सुपरवायझर कामाच्या वेळात हसणाऱ्यांना बघतो.

पाच फरश्या.

आईइतकं

पुढचं कुणालाच सुचलं नसतं. मुंगीने एका सुट्टीच्या दुपारी आईकडे बोट दाखवलं. मग तेच बोट आभाळाकडे.

"मी?" आई म्हणाली. "मी काय बादली आहे?"

"नियम म्हणजे नियम," वरचा म्हणाला. "आधी जिला उचलायचं तिला विचारू. येतेस?"

"लग्नात सुद्धा उचललं नव्हतंत."

"तेव्हा सिग्नल नव्हता."

त्याने आईला काखेत धरून उचललं. एक वीत. आईचे पाय लोंबकळले, एक चप्पल गळून पडली. "अहो कंबर! तुमची कंबर!" पंजा पालथा. थांबला. आई हवेत. मुंगी जवळ आली. चार फरश्या, तीन. ती गुडघ्यावर बसली आणि आईच्या तळव्याखालून हात फिरवून पाहिला, तिकडून इकडे. मध्ये काही नव्हतं. फक्त हवा. पुन्हा फिरवला. मग वर आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मान थोडी मागे करून. इतकी मागे मान तिने कधी केली नव्हती.

आई तेव्हा रडत होती की हसत होती, ते खालून कळण्यासारखं नव्हतं. पण ती दरीत पडलेली नव्हती, एवढं कळत होतं.

ताईंच्या वहीतून

'आज खोलीत आली. नऊ चटया. फळीवर नाही, चटयांवर बसली.'

'सर्दी. आली नाही.'

'सर्दी. आली, पण कान दुखतोय. सगळं बंद. फक्त जड रजई आणि अंधार. झोपली.'

'पुन्हा दहा. हरकत नाही.'

'आठ. स्वतः ओढली, आणि मला पालथा पंजा दाखवला. मी श्वास थांबवला. तिला तेवढं अपेक्षित नसावं.'

'आज बाबा शनिवारची सुट्टी काढून आले. तिने त्यांच्या पायांवर पाय ठेवले. मी खिडकी पुसायला गेले. खिडकी स्वच्छ होती.'

एक वीत

दुपार. चादरी वाळत घातल्या आहेत, खोलीभर दोऱ्या बांधून, त्यामुळे घर आज पांढऱ्या गल्ल्यांचं झालंय. चादरींतून ऊन गाळून येतं. वरचा एका गल्लीत उभा आहे, आई दुसऱ्या. एकमेकांना दिसतात ते फक्त पाय.

पायांची तिसरी जोडी सरकत येते. घासत घासत. त्याच्यासमोर थांबते, मग उलटी फिरते. मुंगी पाठमोरी उभी राहते, अगदी त्या दिवशी बाकड्यापाशी होती तशी. मानेवर केस चिकटलेले.

त्याचे हात आपोआप मागे जातात. पाठीमागे एकमेकांना धरून ठेवतात.

मुंगी हात थोडे बाजूला करते. पंख उचलल्यासारखे. वाट बघते.

हे काय आहे ते त्याला कळतं. स्लिंगचा पट्टा अडकवा, असं म्हणते आहे. माल बांधायचा आहे. अजून उचलायचा नाही.

तो गुडघे वाकवतो आणि तिच्या काखेत हात घालतो. आत बरगड्यांखाली काहीतरी धडधडतंय. क्रेनचं इंजिन सुरू असताना दांड्यात जाणवतं तसं. तो थांबतो. आता बोट वर होईल. तो तिच्या उजव्या हाताकडे बघत राहतो. चादर हलते. पलीकडे आईचे पाय एकाच जागी.

बोट वर होत नाही.

त्याऐवजी मुंगीचा डावा पाय गुडघ्यात वाकतो. टाच उचलते, मग चवडा, मग अंगठा, जमिनीला शेवटपर्यंत धरून ठेवणारा तो अंगठा. सुटतो. ती एका पायावर. त्याच्या हातांत काही आलेलं नाही अजून, फक्त उबारा.

मग उजवा.

तो उचलत नाही. तो केसभरही वर जात नाही. जमीन आहे तिथेच आहे, तो आहे तिथेच आहे, आणि मुंगी आपले पाय आपणच पोटाशी घेते. आणि वजन येतं.

बावीस वर्षं तो हे बघत आलाय. हुक ताणला जातो, दोर सरळ होतात, केबिनमधला काटा शून्यावरून सरकतो. बावीस वर्षं वजन येतं आणि त्याला कधी काही वाटलेलं नाही. एकोणीस किलो. काटा नसता तरी त्याने ग्रॅमपर्यंत सांगितलं असतं.

"अहो," चादरीपलीकडून आई कुजबुजते, "काय चाललंय तिकडे?"

तो मुंगीच्या हातांकडे बघतोय. ते हलतात. आता पंजा पालथा होईल, किंवा बोट खाली. तो तयार आहे. दोन्हीला तयार आहे.

मुंगी दोन्ही हात पोटाशी आणते आणि बोटांत बोटं गुंतवते.

ही त्याने शिकवली नव्हती.

तो आहे तसा धरून उभा राहतो. चादरींमधून ऊन सरकतं. दोऱ्या किंचित झुलतात, पांढऱ्या गल्ल्या झुलतात, आणि कुठेतरी खूप जवळून, त्याच्या हनुवटीखालून, एकच लांब सूर यायला लागतो, दुपारी दूर यंत्र चालू असावं तसा.